निरवांगीचं सुंबरान आणि 'भट्टी'ची दुसरी बाजू

शनिवारी सकाळी स्वारगेटहून बारामतीची एसटी पकडली, तेव्हा मांडीवर टेपरेकॉर्डर होता आणि पर्समध्ये एक कॅसेट. तिच्यावर 'घण' या आमच्या कॉलेजातल्या हेवी मेटल बँडचा पहिला अल्बम होता, 'भट्टी'. नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं आणि मराठीत असलं काही आमच्या ऐकण्यात नव्हतं. मी गात नसे. शब्द माझे होते. घरात शाळेत गेलेली पहिली मीच, त्यामुळे असेल, प्रत्येक गोष्ट दोनदा तपासायची खोडही माझीच.

अल्बम सुरू व्हायचा निरवांगीच्या आबांच्या आवाजाने. आबा म्हणजे आईचे चुलते, बिरोबाच्या ओव्या गाणारे. आमचा गिटारवाला अभिजित जत्रेत त्यांना विचारूनच अख्खी ओवी टेप करून घेऊन आला होता. स्टुडिओत त्यातलं फक्त सुरुवातीचं सुंबरान, म्हणजे देवांना नावं घेऊन बोलावणं, ठेवलं, बाकीची टेप पुसली गेली, आणि सुंबरानावर गिटार कोसळली. अंगावर काटा यायचा. पण आबांनी ते ऐकलं नव्हतं, आणि ते ऐकल्याशिवाय प्रती काढायच्या नाहीत, असं मी अडून बसले.

"ते नको म्हणाले तर?" अभिजितने विचारलं.

"तर सुरुवात काढायची."

रविवारी सकाळी स्टुडिओ शेवटचा मिळणार होता. त्याआधी परत ये, एवढंच तो म्हणाला.

बारामतीला स्टँडसमोर मिसळ चांगली मिळायची. मी ती अर्धी टाकून उठले. तुम्ही जाणार असाल तर निरवांगीच्या थेट गाड्या मोजक्या आहेत हे ध्यानात ठेवा. चुकली तर इंदापूरची गाडी धरून जंक्शनला उतरायचं (गावाचं नावच जंक्शन) आणि पुढे मिळेल ते वाहन. दोन्ही बाजूंना ऊस, आणि पुढे ट्रॅक्टर असला की एसटी त्याच्या मागे बैलगाडीसारखी चालते. कंडक्टरला परतीचं विचारलं. "शेवटची पाचला," ते म्हणाले, "आन् ती थांबून ऱ्हात न्हाय बरं का. हॉर्न देती आन् जाती."

पोचले तर आबा घरी नव्हते, वरकुट्याला सोयऱ्यांकडे गेले होते. वहिनींनी, म्हणजे त्यांच्या नातसुनेने, भाकरी आणि हुलग्याचं माडगं वाढलं. मी दर घासाला रस्त्याकडे बघत होते. "भूक बसची लागलीया व्हय?" त्या म्हणाल्या.

आबा आले तेव्हा उन्हं कलली होती आणि गावात वीज नव्हती. वहिनींनी बॅटरीतले सेल काढून दिले, कमी पडले ते शेजारून आणले. कॅसेट लावली. आबांचा आवाज आला, मग गिटार. अंगणातला कोंबडा उडून गोठ्यावर जाऊन बसला. आबांनी हात वर केला. मी बंद केलं.

"मागं घी."

पुन्हा ऐकलं. पुन्हा मागं. तिसऱ्यांदा मी मध्येच बंद केलं.

"लईच मोठं वाजतंय," मीच म्हणाले. "काढून टाकते, आबा."

"मोठं ढोलबी वाजतोय की. मी काढ म्हनलो का?" ते टेपरेकॉर्डरकडेच बघत होते. "देवाला हाळी दिली. देव आला. आन् तुमी त्याला दारात हुबा करून गेलासा. त्याला म्हागारी कोन पोचवायचं?"

मला एकदम कळलं. आमच्याकडे सुंबरान मांडलं की शेवटी देवाला त्याच्या ठिकाणी पोचवायचं असतं. लहानपणापासून ऐकत आलेली मी, आणि कापताना हे सुचलंच नाही. सुरुवात काढायला आता मी तयार होते, पण आबा उठले होते. पोचवायचं गातो, टेप कर, म्हणाले. पण असं बसल्या जागी नाही. आंघोळ, कपाळाला भंडारा, मग खुंटीवरचा ढोल. पाच वाजत आले होते. पिशवीत नेहमी असायची ती कोरी कॅसेट मी टेपरेकॉर्डरमध्ये घातली.

ते गायला लागले. डोळे मिटलेले. तेवढ्यात फाट्यावर हॉर्न वाजला, लांबलचक. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. पिशवी पायाशीच होती. पळाले असते तर गाडी मिळाली असती. पण गाणं अर्ध्यावर होतं, आणि अर्ध्यावर सोडायचं नाही एवढं आताच शिकले होते. गाडी गेली. आबा थांबले ते सगळे देव पोचल्यावरच.

जंक्शनपर्यंत उसाच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हरशेजारी बसून आले, तिथून इंदापूरहून येणारी बारामतीची गाडी, रात्री बारामतीतच मावशीकडे, आणि पहिल्या एसटीने पुणे. तशीच स्टुडिओत गेले. हे अल्बमच्या शेवटी जायला हवं होतं, पण कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला जागा उरली नव्हती. अभिजितने हेडफोन लावून शेवटपर्यंत ऐकलं.

"मध्ये एसटीचा हॉर्न आहे."

"आहे."

"कापू?"

"नको."

त्याने शेवटच्या गाण्यातला स्वतःचा लांब सोलो निम्मा केला. ते त्याला किती जड गेलं, मी पाहिलं.

'भट्टी' फारशी खपली नाही. एक प्रत निरवांगीला पाठवली होती. वहिनी सांगायच्या की आबा पहिल्या बाजूची सुरुवात ऐकतात, कॅसेट पालटून शेवटापर्यंत पळवतात आणि ते ऐकतात. मधलं का नाही, असं मी आबांना विचारलं होतं. "मधलं तुमचं हाय," ते म्हणाले. "देव आला आन् गेला, येवढं मी बघतो."

माझ्याकडची कॅसेट आता घरघरते. हॉर्न मात्र अजून स्वच्छ ऐकू येतो, आणि तो वाजला की मी जागची हलत नाही.