क्लच दाबा, मामा!

आमच्या गाडीत कसलाही बिघाड नव्हता, हे कळायला मला चार महिने लागले. त्या चार महिन्यांत ती पाच वेळा सर्व्हिस सेंटरला जाऊन आली, त्यातल्या तीन वेळा टोइंगवाल्याच्या पाठीवर बसून. वर्तकनगरच्या आमच्या कॉलनीतली पोरं तर टोइंगची गाडी दिसली की मला वरून बोलवायची तसदीही घेत नसत, थेट माझ्या पार्किंगकडे बोट दाखवत.

ही आमची पहिलीच गाडी. तीही पन्नाशी उलटल्यावर घेतलेली! त्यामुळे मी तिला जपत होतो. (माझी बायको सुजाता यासाठी दुसरा शब्द वापरते, तो इथे नको.) गाडीत बसायच्या आधी चपला काढायच्या, असा नियम होता. सीटवरचं प्लास्टिक मी काढू दिलं नव्हतं, त्यामुळे उन्हाळ्यात बसलेला माणूस उठताना सोलल्यासारखा आवाज येई. पायाखाली कंपनीचं कार्पेट, ते मळू नये म्हणून त्यावर रबरी मॅट, आणि मॅट मळू नये म्हणून तिच्यावर प्रदर्शनातून आणलेलं जाडजूड विणलेलं पायपुसणं. आता पायपुसणं मळलं तर काय, या विचाराने मी अधूनमधून अस्वस्थ होत असे.

महिनाभरातच गाडीने असहकार पुकारला. ऑफिसला निघालो, बटण दाबलं, इंजिन ढिम्म! समोर अक्षरं उमटली : 'प्रेस क्लच टू स्टार्ट'. आता क्लच तर मी दाबूनच बसलो होतो. पुन्हा दाबला. पुन्हा तीच अक्षरं.

"अगं दाबलाय, दाबलाय!" मी ओरडलो.

"अहो, कोणाशी बोलताय?" सुजाताने गॅलरीतून विचारलं.

तेवढ्यात तळमजल्यावरचे नेरुरकरकाका बनियनवर हजर झाले. त्यांनी एका कारखान्यात तीस वर्षं बॉयलर सांभाळलेला, त्यामुळे तापणाऱ्या कुठल्याही वस्तूवर त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी बॉनेटला कान लावला.

"बॅटरी," ते म्हणाले. "शंभर टक्के बॅटरी."

बॅटरी बदलली. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

"स्टार्टर," काका म्हणाले. "मी त्याच दिवशी म्हणालेलो."

शेवटी गाडी उचलून घोडबंदर रोडच्या सर्व्हिस सेंटरला नेली. तिथे मयूर नावाचा एक हसतमुख पोरगा होता. माणूस कामात चोख! गाडी हातात आल्याबरोबर त्याने आधी आतलं सगळं पायाखालचं सामान गोळा करून डिकीत टाकलं, खाली स्वच्छ पांढरा कागद अंथरला, आणि मगच आत पाय ठेवला. आपल्यासारखंच कोणीतरी भेटलं म्हणून मला भरून आलं. मग त्याने बटण दाबलं आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.

"सर, प्रॉब्लेम काय होता?"

"सुरू होत नाही."

"झाली की, सर."

"इथे होते रे. घरी नाही होत."

मयूरने टॅबवर टाइप केलं. मी चोरून वाचलं : 'सुरू होत नाही, असं कस्टमरचं म्हणणं आहे.' म्हणणं! म्हणजे मी काही आरोप करतोय आणि गाडीचा वकील समोर बसलाय!

गाडी धुऊनपुसून घरी आणायची, डिकीतलं सामान काढून एकावर एक नीट मांडायचं, दोन-तीन दिवस सुखाचे जायचे, आणि चौथ्या दिवशी पुन्हा ढिम्म. पुन्हा मयूर, पुन्हा कागद, पुन्हा पहिल्या झटक्यात सुरू. त्यांनी एक सेन्सर बदलला. मग ज्या सेन्सरवर तो सेन्सर लक्ष ठेवतो, तो बदलला. पाचव्या खेपेला मयूर मला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, घरी काही टेन्शन आहे का?"

होतं ना! मीनूचं लग्न होतं. मीनू माझी भाची, ताईची एकुलती एक. मुहूर्ताला मामाने भाचीला हाताला धरून बोहल्यावर आणायचं, हे तर सगळ्यांकडेच असतं. पण मीनूचे वडील ती सहावीत असताना गेले. तेव्हापासून शाळेच्या फॉर्मवर पालक म्हणून माझीच सही. तिने स्वतः सांगितलेलं, "मामा, हॉलवर मी तुझ्याच गाडीतून जाणार. दुसरी गाडी नको." हे ऐकून मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडलो होतो. त्यामुळे गाडी त्या दिवशी चालायलाच हवी होती.

लग्नाच्या आठवड्यात मला एका जागी बसवेना. जेवता जेवता उठायचो, खाली जाऊन गाडी सुरू करून बघायचो, वर येऊन उरलेला भात कालवायचो. समोरच्या इमारतीतून ताई हे सगळं बघत होती. एके दिवशी ती आलीच.

"अरे, दुसरी एखादी सांगून ठेवू या का? असू दे आपली."

"ताई, तुझा माझ्यावर विश्वास नाही?"

"तुझ्यावर आहे रे," ताई म्हणाली आणि खिडकीतून खाली पार्किंगकडे बघत राहिली.

लग्न कल्याणला, मुहूर्त अकरा चाळीसचा. ताई आणि बाकीची मंडळी सकाळीच बसने पुढे गेली. मी, सुजाता आणि मीनू साडेनऊला निघालो. गाडीला झेंडूच्या माळा, माझ्या डोक्यावर फेटा (तुरा छताला टेकून वाकलेला), मागे शालू नेसलेली मीनू आणि तिच्याशेजारी पूजेचं ताट सांभाळत सुजाता. लग्नाची शोभा म्हणून मी पायाखाली सगळ्यांच्या वर आणखी एक नवंकोरं लाल पायपुसणं घातलं होतं. गाडी एका बटणात सुरू झाली आणि मी मनोमन मयूरला आशीर्वाद दिला.

कोनगावला ट्रकांच्या रांगेत अडकलो. चालव, थांबव, चालव, थांबव. गाडीने एक गचका दिला आणि बंद पडली. बटण दाबलं. 'प्रेस क्लच टू स्टार्ट'.

"नाही!" मी म्हणालो.

मागून हॉर्नचा कल्लोळ उठला. एक रिक्षावाला उतरून आला. "काय काका, नवरीला ढकलत नेताय काय?" असं म्हणत त्याने आणखी दोघांना गोळा करून गाडी कडेला लावून दिली. मी मयूरला फोन केला.

"सर, क्लच दाबलाय का?"

"मयूर, चार महिने मी दुसरं काही करतच नाहीये रे!"

तेवढ्यात ताईचा फोन. "कुठे पोचलात? गुरुजी विचारतायत."

"आलोच! पूल दिसतोय." (कल्याणच्या तोंडाशी असलेला दुर्गाडीचा पूल दिसत नव्हता. ट्रकचं मागचं फाळकं दिसत होतं.)

पावणेअकराचे सव्वाअकरा झाले. मी पाठ सीटला रेटून, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून, होता नव्हता तेवढा जोर डाव्या पायात आणून क्लच दाबला. तसाच दाबून धरला. आणि पोटरीत असा गोळा आला की माझ्या किंकाळीने रिक्षावाला परत आला.

"अहो, सोडा तो पाय!" सुजाता ओरडली.

मला रडू फुटायचंच बाकी होतं. ज्या पोरीच्या बापाच्या जागी उभं राहायचं, तिला मी भर मुहूर्तावर कोनगावच्या धुळीत आणून बसवलं होतं. मागे वळून तिच्याकडे बघायची माझी छाती होईना.

"मामा, उतर," मागून मीनू म्हणाली.

ती उतरून पुढे आली. दार उघडलं, शालू सावरत वाकली आणि माझ्या पायाशी बघत राहिली.

"मामा, हे काय आहे?"

"पायपुसणं."

"याच्याखाली?"

"पायपुसणं."

"आणि त्याच्याखाली?"

"मॅट," मी म्हणालो. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

तिने पुढे सरकून क्लचखाली अडकलेला सगळा ढीग ओढून काढला आणि रिक्षावाल्याच्या हातात दिला. मला बाजूला करून ती बसली आणि तिने क्लच दाबला. तो माझ्या डोळ्यांदेखत चार बोटं आणखी खाली गेला. तो तितका खाली जाऊ शकतो, हे मी चार महिन्यांत पाहिलंच नव्हतं! मयूरकडे गाडी का चालू होते आणि घरी का होत नाही, तेही त्याच क्षणी लख्ख कळलं. तिने बटण दाबलं. गाडी सुरू.

"अरे, क्लचला खाली जायला जागा तर ठेवायची!" मीनू म्हणाली. सुजाता काहीच बोलली नाही. (तेव्हा. त्यानंतर आजपर्यंत ती थांबलेली नाही.)

"सरक, मी चालवतो," असं म्हणून मी डावा पाय टेकला आणि फुटपाथवरच बसलो. पोटरी दगडासारखी झाली होती. रिक्षावाल्याने मला बखोटीला धरून मागच्या सीटवर ठेवलं. मीनूने शालू खोचला, मुंडावळ्या कानांमागे टाकल्या, गिअर टाकला आणि ट्रकांच्या मधून अशी गाडी काढली की रिक्षावाल्याने शिट्टी मारली. पूल आला तेव्हा मी मागे एक पाय सुजाताच्या मांडीवर पसरून, ताटातला नारळ पोटाशी धरून बसलो होतो आणि सुजाता माझी पोटरी चोळत होती.

हॉलच्या दारात बँड, व्हिडिओवाला आणि मुलाकडची सगळी मंडळी ओळीने उभी. गाडी थांबली. ड्रायव्हरच्या बाजूने नवरी उतरली तेव्हा बँड आपोआप बंद पडला. "नवरीमुलगी कुठेय?" मुलाच्या आत्याने नवरीलाच विचारलं. मीनू गाडीला वळसा घालून आली, तिने मागचं दार उघडलं आणि हात पुढे केला.

"चल मामा, सात मिनिटं राहिलीत."

"तू हो पुढे, मी येतो हळूहळू."

"तुझ्याशिवाय मी पुढे जाणार नाही. ऊठ."

त्या व्हिडिओची प्रत ताईने सगळ्या नातेवाइकांना पाठवली आहे. त्यात गुरुजी माइकवरून स्पष्ट पुकारतात, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं!" आणि त्यापाठोपाठ मुलगी, तिरका फेटा घातलेल्या, एका पायावर उड्या मारणाऱ्या मामाला घेऊन येताना दिसते.