सातवी ‘ब’च्या घागरी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. इंदापूर तालुक्यातल्या त्या शाळेत चित्रकलेच्या सरांचा हात थरथरतो, ही गोष्ट मुख्याध्यापकांपुढे मी फोडली. बारामतीहून माझा पाठ बघायला आलेल्या निरीक्षकांनी भिंतीवरची चित्रं बघून ती ओळखली, असा सगळ्या शाळेचा समज झाला. खुद्द सरांचाही. मी तो तसाच राहू दिला. याला पंचवीसहून जास्त वर्षं झाली.

नव्वदीची मधली वर्षं होती. मी बारामतीत कलाशिक्षक पदविकेच्या शेवटच्या वर्षाला होतो आणि दिवाळीनंतर दीड महिना त्या शाळेत पाचवी ते सातवीच्या वर्गांवर सरावपाठ घ्यायचे होते. पहाटेच्या एसटीनं निघायचं, वालचंदनगरला गाडी बदलायची. जागा रिकामी असली तरी मी दाराशी उभा राहायचो. बसवतच नसे. वडगाव निंबाळकरला घरी पोचलो की वडील गोठ्यातूनच विचारायचे, “कुठं चिटकायचं बघितलं का न्हाय?” चित्रकलेची जागा शाळेत एकच असते. ती रिकामी झाली तर झाली. आमच्या वर्गातल्या पोरांना आसपासच्या कुठल्या शाळेतले चित्रकलेचे सर कधी रिटायर होणार, हे पाढ्यासारखं पाठ होतं. मलाही होतं. या शाळेतल्या सरांना अजून चार वर्षं होती.

सर उंच, जरासे वाकलेले. पहिल्याच दिवशी मला वर्गाच्या दारात बघून म्हणाले, “या कलाकार. आजपासून फळा तुमचा.” मला वाटलं, थट्टा करतात. पण खरंच पहिले तीन दिवस त्यांनी माझ्यादेखत खडू हातात घेतला नाही. डब्यातली अर्धी भाकरी मला दिली, दंगा करणाऱ्या पोराला फळा पुसायला लावलं की वर्ग कसा शांत होतो ते सांगितलं, कागद नुसता दुमडून मधली रेघ कशी काढायची ते दाखवलं. खडू मात्र नाही.

चौथ्या दिवशी पुढची गाडी लगेच मिळाली आणि मी प्रार्थनेच्या बऱ्याच आधी पोचलो. सातवी ‘ब’च्या वर्गात सर एकटे होते. फळ्यावर घागर काढत होते. डाव्या हातानं उजवं मनगट गच्च धरलेलं, तरी खडू फळ्यावर टकटक वाजत होता. कपाळावर घाम. मी दारात थबकलो आणि ते वळले.

“बघितलं?”

“हो सर.”

“दोन वर्सं झाली. डॉक्टर म्हणतो, हे आता जायचं न्हाय.” मग हसले. “प्रार्थनेच्या आत काढून ठिवतो. हेडमास्तरला वाटतं, काय तळमळीचा माणूस, सगळ्यांच्या आधी येतो.”

मलाही हसू आलं. मग ते गंभीर झाले. “आपल्या दोघांत राहू द्या. चार वर्सं काढायचीत. फळा सुटला तर मला तांदूळ वाटायला बसवतील.” शाळेत पोरांना महिन्याचा तांदूळ मिळायचा. तो मोजून द्यायचं काम कुणालाच नको असे.

“शब्द देतो सर,” मी म्हणालो. शब्द त्यांनी मागितला नव्हता. मीच दिला.

त्याच दिवशी त्याच वर्गावर माझा घागरीचा पाठ होता. सरांची घागर पुसून मी माझी काढली. एका दमात, सुबक. मागं वळलो. पहिल्या बाकावर एक मुलगी बसायची. तिच्या घरची माणसं पूर्वी मेंढरं घेऊन हिंडायची, आता गावाबाहेर वस्ती करून शेती करत होती. ती उभी राहिली.

“सर, तुमची घागर प्लॅस्टिकची हाय व्हय?”

वर्ग खिदळला. मी तिची वही घेतली. मग शेजारच्या मुलीची. मग सगळ्यांच्या. पानापानांवर घागरी, आणि प्रत्येक घागरीची कड थरथरत होती. फळ्यावर दिसेल ते ही पोरं इमानानं उतरवत होती. ती मुलगी मला समजावायला लागली, “अशी हात हलवत वडायची सर रेघ. मोठ्या सरांची तशीच आसती.” आणि तिनं कौतुकानं मनगट हलवून दाखवलं.

मी हसायला हवं होतं. पण मी भिंतीकडे बघितलं. याच वर्गावर माझा शेवटचा पाठ होणार होता, आणि मुलांचं काम भिंतीवर लावायचं असा नियम होता.

एका सकाळी सरांनी फळ्यावर मेंढरं काढून ठेवली होती. त्या मुलीनं बरेच दिवस हट्ट धरला होता. ती आत आली, दप्तर न उतरवता फळ्यापाशी गेली आणि ओरडली, “अगं बया! ही तर आमची! कातरायला आलीत की!” सर खिडकीशी पाठमोरे उभे होते. खांदे हसत होते. त्या मेंढरांना खरोखर लोकर होती. मी ते पाहिलं आणि टाचणाच्या वहीत डोकं घातलं. मला तेव्हा माझ्या गुणांपलीकडे काही सुचत नव्हतं.

निरीक्षक यायच्या आदल्या दिवशी भिंत सजवली. मी नव्या चित्रांचा गठ्ठा काढून ठेवला होता. पण टाचण्या कमी पडल्या म्हणून पोरांनी बाभळीचे काटे आणले आणि त्या हौसेत जुन्या घागरीही सगळ्या लावून टाकल्या. मी त्या उतरवू शकत होतो. एसटी चुकेल म्हणून निघालो.

पाठ बरा झाला. निरीक्षक आणि मुख्याध्यापक मागच्या बाकावर बसले होते. सर चहाचं बघायला बाहेर गेले होते. घंटा झाली, पोरं मैदानात पळाली, आणि निरीक्षक उठून भिंतीकडे गेले. एकेक घागर बघत चालले.

“हे काय हो? एका-दोघांचं समजू शकतो. सगळ्या वर्गालाच थंडी वाजतेय का?”

मुख्याध्यापक हसले. निरीक्षकांनी गुणांचा तक्ता उघडला, पेनाचं टोपण काढलं. “रेषेवर काम झालेलं दिसत नाही.”

मी म्हणालो, “सर, ही माझ्या आधीची चित्रं आहेत. इथल्या सरांचा हात थरथरतो. पोरं फळ्यावर बघून तसंच काढतात.”

मुख्याध्यापकांचं हसू थांबलं. “कधीपासून?”

“दोन वर्षं झाली म्हणे.”

पहिलं उत्तर मी घाबरून दिलं, असं स्वतःला इतकी वर्षं सांगत आलो. ते एक वेळ खरं धरू. दुसऱ्या उत्तराची कुणी सक्ती केली नव्हती. ‘माहीत नाही’ म्हणता आलं असतं. ते देताना माझ्या डोक्यात चार वर्षांचा आकडा होता. आज लिहितानाही हे वाक्य खोडावंसं वाटतंय.

तेवढ्यात सर आत आले. मागं शिपाई चहा घेऊन. “काय कलाकार, कसा झाला पाठ?”

“चांगला झाला सर.”

जानेवारीत त्यांच्याकडून चित्रकला काढून घेतली. निरीक्षकांना घागरींवरून कळलं, म्हणून तब्येतीच्या काळजीपोटी, असं मुख्याध्यापकांनी सांगितलं. जूनमध्ये मी तासिका तत्त्वावर तिथंच रुजू झालो. वडिलांनी गल्लीत पेढे वाटले. कपाटाची किल्ली सरांनी स्वतः माझ्या हातात ठेवली. ती देतानाही हात थरथरत होता, किल्ली माझ्या तळव्यावर वाजली.

“नजर बाकी पक्की हो तुमच्या निरीक्षकांची,” ते म्हणाले. “नुसत्या घागरी बघून ओळखलं. तुम्ही तरी काय करणार?”

मी म्हणालो, “हो ना सर.”

तांदळाच्या दिवशी ते व्हरांड्यात बसत. ताजवा धरला की दोन्ही पारडी हलत राहायची आणि काटा काही थांबायचा नाही. मग एखादी मुलगी खालून पारडं धरायची. पोरं विचारायची, “सर, चित्रं का सोडली?” ते म्हणायचे, “तांदूळ काढतोय की! एकेक दाणा काढतोय.” पोरं हसायची. मी त्या व्हरांड्यातून जायचं टाळून मैदानाला वळसा घालायचो.

वर्षभरात शाळेतल्या सगळ्या घागरी सुबक झाल्या. ती मुलगी आठवीत होती. एकदा मधल्या सुट्टीत म्हणाली, “सर, तुमी मेंढरं काढा की.” मी काढली. पाय बरोबर, मान बरोबर, प्रमाण अगदी पुस्तकातलं. तिनं बराच वेळ बघितलं.

“ही कातरून झालेली हाईत सर,” ती म्हणाली, आणि पाणी प्यायला गेली.

सर तांदळाच्या कामावरूनच निवृत्त झाले. मला पुढं बारामतीकडच्या दुसऱ्या शाळेत कायमची नोकरी मिळाली. तिथंच आहे. रेघ बरी काढतो, लोक सांगतात. वर्गात अजूनही खुर्चीवर बसत नाही.

सर आता ऐंशीच्या पुढं आहेत, इंदापुरात मुलाकडे राहतात. मागच्या वर्षी मी त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी गेलो होतो. टपरीवर दोन चहा घेतले आणि पुढच्या गाडीनं परत आलो. घरी म्हणालो, काम झालं नाही.

मी त्यांचं एक वाक्य देणं लागतो. तुमचा हात थरथरतो हे निरीक्षकांनी ओळखलं नव्हतं सर, मी सांगितलं. हे त्यांच्यासमोर उभं राहून म्हणायचं आहे. अजून म्हटलेलं नाही.