मावशींच्या घरातला चिखल

माझ्या घरात भिंतीवर एकच फोटो लावलेला आहे आणि तो मी काढलेला नाही. फोटोग्राफरला हे शोभत नाही, पण आहे. वालूरला एका तलाठ्याने मोबाइलवर काढलेला, जरा तिरकाच आलेला. त्या फोटोकडे पाहिलं की त्या दिवसाचे उपकार आठवतात.

मी परभणीत राहते. लग्नाचे फोटो काढून पोट भरते आणि उरलेल्या वेळात स्कूटी घेऊन जिल्हाभर हिंडते. टँकरपुढची भांडणं, गावात दगडफेक झाल्यावर दुसऱ्या दिवशी अर्धं शटर उघडून बसलेले दुकानदार, उरुसात नवस बोलणाऱ्या बाया, विहारातली वंदना असलं काय काय टिपते. या कामात माझा एकच हट्ट असायचा: समोरच्याने आहे तसं राहायचं. केस विंचरायचे नाहीत, हसायचं नाही. कोणी पदर सावरायला लागलं की माझं डोकं फिरायचं. लग्नात वर्षभर पोजच काढते, तिथं ती हौस फिटते.

त्या पावसाळ्याच्या शेवटी वालूरच्या बौद्ध वस्तीत ओढ्याचं पाणी शिरलं. पाणी ओसरलं त्या सकाळी मी तिथं पोचले. अगदी शेवटच्या घराच्या दारात एक म्हाताऱ्या मावशी उभ्या होत्या, एकट्याच राहणाऱ्या. आत नडगीपर्यंत चिखल, भांडी उलटीपालटी, ज्वारीचं पोतं भिजून फुटलेलं. आणि पत्र्याखालच्या फळीवर, एका ट्रंकेला टेकून, कोरड्या ठणठणीत दोन तसबिरी: एक बुद्धांची, एक निळ्या कोटातल्या बाबांची.

"जय भीम मावशी. पोतं नाही का वर ठेवायचं आधी?" मी विचारलं.

"ज्वारी वाळती माय. बाबाची तसबीर वाळंल का?"

मला हवा होता तो फोटो समोर होता. मी कॅमेरा डोळ्याला लावला, तर मावशींनी दारात हात आडवा धरला.

"आसल्या घराचा फोटू काडतेत व्हय? आधी आवरू दे."

मी समजावलं. हाच पुराचा फोटो आहे, लोकांना हेच दिसायला पाहिजे. शिवाय पंचनामा व्हायचा आहे, म्हणून शेजारच्या घरांनी चिखलाला हातसुद्धा लावलेला नाही. चिखल दिसला नाही तर मदतीच्या यादीत घर लागणार नाही, आणि तुमच्याकडे तर खायला ज्वारीही राहिली नाही.

"व्हईल की पंचनामा. घरात पाव्हनी आली आन् मी चिखलात बसवू का तिला?"

पाहुणी म्हणजे मी. मावशींनी कोपऱ्यातलं फावडं उचललं आणि माझ्या हातात दिलं. "लय घाई हाय ना तुला? धर."

मी चिडले होते. पण म्हातारं माणूस घमेलं उचलायला वाकलं, आणि आपण कॅमेरा गळ्यात घालून बघत उभं राहायचं, एवढी काही माझी कला थोर नव्हती. कॅमेरा फळीवर तसबिरींशेजारी ठेवला आणि चिखल ओढायला लागले. तो चिखल असा चिवट की फावडं आत गेलं की सुटत नव्हतं. दाराबाहेर ढीग कमरेएवढा झाला. मावशी हापशाचं पाणी आणून फरशी धूत होत्या आणि मला शिकवत होत्या, "आगं कोपऱ्यातून वढ, लगीन झालं न्हाई वाटतं तुजं." दोन वेळा घसरून पडले. केसांतसुद्धा चिखल गेला.

उन्हं कलली तेव्हा घर लख्ख झालं होतं. मावशींनी ट्रंकेतली पांढरी साडी काढून नेसली, केस चापून बसवले, तसबिरी खाली घेऊन पुसल्या आणि मध्ये उभ्या राहिल्या. "काड आता." मी काढला. चांगला आला. इतका चांगला, की पूर आला होता हे कोणाला खरं वाटलं नसतं.

तेवढ्यात तलाठी आले. तरुण होते, दमलेले होते. आत डोकावून म्हणाले, "मावशी, पाणी शिरलंच कुठं?"

"शिरलं व्हतं की भाऊसाहेब. काडलं."

"फोटोत चिखल दिसायला पाहिजे ना. नाहीतर प्रकरण वरून परत येतं." मग हळूच म्हणाले, "चार घमेली आत टाका. फोटोपुरती."

माझा तो हट्ट, जन्मभराचा, कुठल्या कुठं गेला. मला मनापासून वाटलं, टाका हो मावशी, मी टाकते, मीच टाकते. माझ्यापायी या बाईच्या तोंडचा घास जाणार होता.

मावशींनी तसबिरींकडे पाहिलं. "बाबाफुडं चिखल टाकू? न्हाई जमायचं. चिखल भायेर हाय, तितंच काडा फोटू."

"हा ढीग तुमच्याच घरातला कशावरून?"

मावशींनी माझ्या दंडाला धरून मला ढिगापाशी उभं केलं. ढिगात खोचलेलं फावडं परत माझ्या हातात दिलं. "हिला बी घ्या फोटूत. माज्या घरातला समदा चिखल हिच्या अंगावर हाय. इचारा हिला."

तलाठ्यांनी मला नखशिखांत पाहिलं आणि पहिल्यांदा हसले. मी सगळं सांगितलं, कुठून आले, कशी अडकले, तेही. त्यांनी कागदावर लिहून घेतलं, मला सही करायला लावली. मावशी दारात ताठ उभ्या राहिल्या, पांढऱ्याशुभ्र. मी ढिगाशेजारी. मावशींचं घर त्या पंचनाम्यात लागलं. पुढे मदत आल्याचं त्यांनीच फोन करून कळवलं, आणि ज्वारीची भाकरी खायला बोलावलं.

पण तो फोटो. तलाठ्यांनी मोबाइल वर धरला आणि म्हणाले, "ताई, आहे तसंच उभं राहा."

"एक मिनिट," मी म्हणाले, आणि ओढणीने तोंड पुसायला लागले.

"आता कामून पुसायलीस?" मागून मावशी म्हणाल्या. फोटोत त्या खळखळून हसताहेत, आणि माझं तोंड ओढणीत आहे.