गाडी उलाळली तेव्हा

जू आभाळाकडं गेलं, गाडीचा मागचा दांडा धाडकन जमिनीला लागला, आणि त्या गाडीखाली झोळीत माझं पोर झोपलं होतं.

कर्जतला, भाताच्या गिरणीच्या अंगणात. खालापूरच्या अंगानं आमी बैलगाडीतून भात आणलेलं, मी, सासरे नि धाकटे दीर. सासरे बैल सोडून पाण्यावर घेऊन गेलेले. गाडी पुढून टेकणावर उभी. ऊन लय, म्हणून झोळी मी गाडीच्या बुडाला बांधली, मागच्या बाजूला. सगळ्याच बायका बांधतात. गिरणीचं दार जुवाकडं होतं, म्हणून भावजींनी पुढचीच पोती आधी उतरवली. पुढचं शेवटचं पोतं खांद्यावर घेतलं नि गाडी उलाळली.

पोराचा आवाजच नाय. मग एकदम टाहो. पाय फळ्यांखाली अडकलेले, तोंड तेवढं चाकाच्या आरांतनं दिसत होतं.

भावजी मागच्या दांड्याला हात घालून उचलायला लागले. गाडी हलंना. मी पण तिथंच धावले असते, पण वर लोंबणारी जुवाची दोरी दिसली. का गेले पुढं, आजून कळत नाय. उडी मारली, दोरी धरली, लटकले. माझ्यात वजन ते काय, बाळंतपणानं नुसती काडी झालेली. तरी जू खाली आलं, नि मागं गाडी उचलली.

"वैनी, तुमी पोराला काढा, मी धरलंय."

पोर माझ्याकडं हात पसरत होतं.

"मी सोडलं तर पडंल. तुमी सोडा."

"येड लागलंय का? मी धरलंय म्हणून वर हाय ती."

"सोडून बघा, भावजी."

"बघा? खाली पोर हाय, वैनी."

खात्री मला पण नव्हती. पण हात जरा सैल केला की दोरी वर ओढायची नि मागं फळ्या खाली बसायच्या, एवढं कळत होतं. भावजींनी एक हात काढला. मग दुसरा. गाडी जागेवर. ते खाली घुसले नि पोराला ओढून काढलं. घोट्याचं सालटं गेलं, बाकी काय नाय.

आता भाकरी करताना मी पळी बोटावर तोलून बघते. मधोमध धरली की वाटीकडं कलंडते. बोट वाटीजवळ नेलं की ऱ्हाते. वजनाचा मध तिथं हाय, दांड्याच्या मधात नाय. मग दांड्याच्या टोकाला पिठाची गोळी चिकटवते, तर बोट दांड्याकडं सरकवावं लागतं. गाडीचं तेच झालं. पुढची पोती गेली, वजनाचा मध चाकाच्या आसामागं गेला. पिठाची गोळी म्हणजे मी. एवढीशी, पण टोकाला, म्हणून तो परत पुढं आला.

हे सासूबाईंना कोण सांगणार. त्या आळीत सांगत फिरतात, "पोर रडत होतं नि ही बया जुवाला झोके घेत होती." मी चौथी शिकलेली, ऐकून घेते नि भाकरी थापते.

तुमी सांगा. तुमचं पोर तसं हात पसरून बोलवत असतं, तर तुमी दोरी धरून ऱ्हायला असता का?