बस कुणाची, असं विचारणाऱ्या रत्नम्मा अक्का

रत्नम्मा अक्का गेल्या, आणि शाळेच्या पेरेंट्स ग्रुपवर त्याचा एक मेसेजही नाही.

सकाळी ड्रायव्हर अण्णांचा फोन आला तेव्हा कळलं. तीन आठवडे आजारी होत्या म्हणे.

अक्का बंगळुरूतल्या आमच्या स्कूलबसच्या अटेंडंट. येलहंका ते मल्लेश्वरम, जाताना तास, येताना त्याहून जास्त. बसमधलं प्रत्येक पोर त्यांच्यासाठी 'मगू', म्हणजे बाळ. आठवीतली असली तरी मगूच.

हे घडलं तेव्हा माझी रेवा आठवीत होती. आम्ही मूळचे नागपूरचे.

रेवा बोलताना अडखळते. लहानपणापासून.

एकदा बसमध्ये कविता पाठ करताना ती अडकली आणि कुणीतरी ते रेकॉर्ड केलं. त्याला म्युझिक लावलं. मग त्या क्लिप्सचं एक पेजच निघालं. खाली कमेंट्स. 'बफरिंग.' 'नेटवर्क नाही.' 'नागपूरला परत जा.'

दोन महिने हे चालू होतं. मला पत्ता नव्हता.

एक दिवस स्टॉपवर अक्का खाली उतरल्या. आमचं बोलणं मोडक्यातोडक्या हिंदीत चालायचं.

"मॅडम, मगू रोज रडते. बाकीच्या फोन बघून हसतात. स्वल्प लक्ष द्या."

संध्याकाळी मी रेवाला विचारलं. तिने काही न बोलता फोन माझ्या हातात दिला.

"वर्गाचा तो ग्रुप सोड ना तू," मी म्हटलं.

"सोडला की सगळ्यांना दिसतं, आई. मग त्याचं पण मीम."

"मग फोनच ठेव माझ्याकडे."

"मग ते काय बोलतात ते मला कळणारच नाही. ते जास्त वाईट आहे."



पेज अन्वीचं होतं. आमच्याच बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर राहणारी, पहिलीपासूनची रेवाची मैत्रीण. तिची आई मेघना, म्हणजे या शहरात मला मिळालेली पहिली मराठी मैत्रीण.

मेघना म्हणाली, "अगं, मुली आहेत. आज भांडतील, उद्या एक होतील. आणि शाळेतलं भांडण आहे, शाळेने बघावं."

शाळेच्या कोऑर्डिनेटर म्हणाल्या, "मॅम, कॅम्पसमध्ये मोबाईल बॅन आहे. हे घरून झालंय. पेरेंट्सनी बघावं."

झालं. दोन्ही दारं बंद.

शाळा बदलायची म्हटलं तर वर्षाच्या मध्यात कोण घेणार? घर बदलायचं तर लीजमध्ये पैसे अडकलेले. मेघना भेटेल म्हणून मी लिफ्ट सोडली. सहा मजले चढून जायचे.

आणि रोज सकाळी रेवाला त्याच बसमध्ये बसवायचे. दार लागायचं. आत तासभर ती आणि त्याच मुली. मी बाहेरून हात हलवायचे.

तिने हात हलवणं कधीच बंद केलं होतं.

शेवटी मी प्रिन्सिपलच्या केबिनबाहेर जाऊन बसले, तेव्हा मीटिंग ठरली. क्लास टीचर, कोऑर्डिनेटर, मेघना आणि मी. अर्धा तास तेच. घरचं, शाळेचं, घरचं, शाळेचं.

अक्कांना कुणी बोलावलं नव्हतं. तरी त्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या आणि कन्नडमध्ये बोलू लागल्या. क्लास टीचरने आम्हाला इंग्लिशमध्ये सांगितलं.

"शाळा म्हणते घरचं आहे. घर म्हणतं शाळेचं आहे. मग बस कुणाची? हे बसमध्ये होतं. मी रोज बघते. मी एकटी काय करू?"



मग मेघनाने पहिल्यांदा ती क्लिप मागितली. पूर्ण ऐकली. तिचा चेहरा उतरला.

पेज त्याच दिवशी बंद झालं. बसमध्ये फोन पाऊचमध्ये जाऊ लागले. महिन्यातून एका शनिवारी आठवीचे पालक आणि टीचर्स एकत्र बसायला लागले. पहिल्या वेळी सात जण आलो होतो. क्लिप्स कुणाकुणाच्या फोनमध्ये अजून असतील. अन्वी सॉरी म्हणायला आली. रेवा "ओके" म्हणाली आणि दार लावलं. मैत्री परत झाली नाही.

आणि अक्कांची ड्युटी दुसऱ्या रूटला लागली. बसवाल्या कॉन्ट्रॅक्टरला त्यांचं बोलणं आवडलं नव्हतं.

मी शाळेला मेल लिहिला आणि ड्राफ्टमध्ये ठेवला. आत्ता कुठे सगळं शांत झालंय, परत कशाला, असं वाटलं. हे लिहितानाही लाज वाटते.

आठवड्याने बेल वाजली. दारात मेघना, हातात एक पत्र. अक्कांना परत आणा म्हणून. खाली अकरा पालकांच्या सह्या.

"तुझी राहिलीय," एवढंच म्हणाली.

अक्का परत आल्या. रेवा दहावी होईपर्यंत आमच्याच बसवर होत्या.

आज दुपारी रेवाला घेऊन त्यांच्या घरी गेले. त्यांच्या सुनेला मी त्या मीटिंगचं सांगितलं. म्हटलं, सगळे एकमेकांवर ढकलत होते, तुमच्या सासूबाईंना मात्र कुणाची भीती वाटली नाही.



सून म्हणाली, "त्या दिवशी घरी येऊन जेवल्या नाहीत. नोकरी गेली तर काय, एवढंच विचारत होत्या."

मला हे आज कळलं.

अक्का, माफ करा. आणि शांतपणे जा.

रेवा आणि रेवाच्या आईकडून मनापासून श्रद्धांजली.