हाकेपुरती हद्द

जगाचा कारभार आमच्या फाटकवाल्या भाऊंकडे दिला असता, तर त्यांनी आधी त्याला एक फाटक बसवलं असतं आणि किल्ली कमरेला लावून निवांत बसले असते. मळवलीकडच्या रेल्वे फाटकावर त्यांची उभी हयात गेली. निवृत्त होऊन लोणावळ्यात आमच्या गल्लीच्या टोकाला घर बांधलं, तरी नोकरी काही सुटली नाही. गाडीची शिट्टी ऐकू आली की तोंडाशी नेलेला चहाचा कप थांबतो, बोलणं थांबतं, आणि गाडी पुढे गेल्याची खात्री पटल्यावरच वाक्याचा उरलेला भाग येतो. पाहुणा निघाला की हे दारात उभे राहून हिरवा रुमाल हलवत. वहिनी गेल्यापासून पाहुणेच येईनासे झाले, पण रुमाल अजून धुतलेला असतो.

गल्लीचा रहिवासी संघ काढायचं ठरलं, तेव्हा हद्द कुठवर धरायची यात तीन बैठका वाया गेल्या. कुणी ओढ्यापर्यंत म्हणे, कुणी पाण्याच्या टाकीपर्यंत. शेवटी भाऊ म्हणाले, "हाक दिली तर ओ आली पायजे. न्हाई आली तर त्यो शेजार कसला?" वाद मिटला तर बरं, म्हणून सगळ्यांनी माना डोलावल्या. वही माझ्याकडे आली, कारण मी जन्माचा मास्तर.

मंगळवारी सकाळी आम्ही दोघं निघालो. दर दारापुढे भाऊ खणखणीत हाक देत, मनात साठपर्यंत मोजत आणि मग मला लिहायला सांगत. पण आमच्याकडचे बंगले शनिवार-रविवारचे. ओ आली ती चार घरांतून. एका बंगल्यातून नुसतं कुत्रं भुंकलं. भाऊंनी बराच विचार करून त्याची 'भाडेकरू' अशी नोंद करायला लावली.

शेवटचं घर त्यांचंच. मी वही मिटली, तर म्हणाले, नियम सगळ्यांना सारखा. मग स्वतःच्या दारापुढे उभे राहून त्यांनी हाक दिली, "कोन हाय का घरात?" साठ झाले असतील, शंभर झाले असतील, भाऊ मोजतच होते. मला फार वाईट वाटलं. इतक्या वर्षांत त्या दारात उभं राहून मी एकदाही हाक दिली नव्हती, याची लाजही वाटली.

"लिवा मास्तर," ते हळूच म्हणाले. "ओ न्हाई. घर हद्दीभाईर."

मी लिहिलं नाही. वही त्यांच्या हातात दिली, पुन्हा एकदा हाक द्या म्हणालो आणि मागच्या दाराने आत शिरलो. ओट्यावर एकच कप पालथा घातलेला होता. बाहेरून हाक आली, या वेळी जरा दबकत. मी वर्गातल्या आवाजात ओ दिली. नोंदीला तेवढी पुरे होती, पण थोड्या वेळाने पुन्हा हाक आली. पुन्हा ओ दिली. इतक्यात घाटाकडून गाडीची शिट्टी झाली आणि बाहेर सगळं थांबलं. मी कपाशेजारी उभा राहिलो. गाडी गेली, आणि भाऊंनी तिसऱ्यांदा हाक दिली.