सारवलेली जागा

पाथर्डीच्या बाजूच्या एका गावात मी मास्तरीण म्हणून रुजू झाले, तेव्हा माझ्या पेटीत साड्या कमी आणि अध्यापन विद्यालयातल्या वह्या जास्त होत्या. त्यातल्या एकीवर ठळक अक्षरात ‘वर्गनियंत्रण’ असं लिहिलेलं होतं. सत्तर-एकाहत्तरची गोष्ट. वय वर्षं वीस, नगरच्या पेठेत वाढलेली, आवाज बारीक. वर्ग डोक्यावर घ्यायला मुलांना फार कष्ट पडले नाहीत.

शाळा म्हणजे एकच लांबट खोली, पहिली ते चौथी, आणि मी एकटी. जमीन मातीची. दर शनिवारी सकाळी मुलं शेण आणि पाणी आणून ती सारवायची. प्रत्येक जण आपल्या बसण्यापुरता चौकोन सारवायचा, पहिलीत आल्या दिवसापासून तोच. मी ते दर वेळी पाहत होते, पण त्यात लक्ष देण्यासारखं काही आहे असं मला वाटलं नाही. आमच्या नगरच्या शाळेत फरशी होती.

दसरा झाला की अर्धं गाव बैलगाड्या जुंपून ऊसतोडीला जाई, मुलंबाळं घेऊन. त्यांच्याबरोबर चौथीतली एक मुलगीही गेली. किडकिडीत, केसांना कधी तेल नाही, पण पाढे म्हणताना तिचा आवाज सगळ्यांच्या वर. मी प्रश्न फळ्यावर लिहून होण्याआधी ती उत्तर ओरडायची. मला ती मनातून फार आवडायची, पण तसं दाखवायचं नसतं हेही वहीत लिहिलेलं होतं.

ही मुलं गेल्यावर वर्ग विरळ दिसू लागला. विखुरलेली मुलं दंगा करतात, त्यांना जवळ बसवावं, असं आम्हाला शिकवलेलं. मी सगळ्यांना पुढे सरकवलं, रांगा लावल्या आणि शनिवारी मधल्या मोकळ्या जागांसकट जमीन सलग सारवून घेतली. तपासणीला आलेले साहेब म्हणाले, “वा, बाई, वर्गाला शिस्त आहे.” आठवडाभर मी हवेत होते.

होळीनंतर गाड्या परतल्या आणि ती मुलगी शाळेत आली. पहिल्याच दिवशी तिने तिसरीतल्या एका मुलीला ढकलून पाडलं. दुसऱ्या दिवशी चिमटे काढले. शनिवारी शेणाने भरलेला हात त्याच मुलीच्या परकरावर उमटवला. मी आधी रागावले, मग बाहेर उभी केली, शेवटी छडी मारली. हो, मारली. खोटं कशाला सांगू? कशाचाच उपयोग होईना, तेव्हा तिला दारापाशी एकटी बसवली.

“काय पाहिजे काय तुला?” मी एकदा कावून विचारलं.

“माझी जागा.”

“दिली की दारापाशी.”

“ती तुमी दिल्याली हाय. माझी न्हाई.”

उलट बोलते म्हणून मी तिला आणखी दोन शब्द सुनावले. दुसऱ्या दिवसापासून ती आलीच नाही. परीक्षेलाही आली नाही, म्हणून चौथीतच राहिली.

ती यायची थांबल्यावर ती परकरवाली मुलगीच मला सांगू लागली. “बाई, मी तिच्या जागंवर बसते ना. पयलीपासून तीच सारवायची हितं. मला लई भ्या वाटायचं.” मग सगळीच मुलं बोलू लागली. कोणाची कुठली जागा ते त्यांना पाठ होतं. सहा महिने उसाच्या पाचटाच्या खोपटात, कोपीत, परक्या मुलखात राहून आलेल्या पोरीला गावात आपलं म्हणावं असं तेवढंच असेल, आणि ते मी शिस्तीच्या नावाखाली सारवून टाकलं होतं. माझी मलाच लाज वाटली.

जूनमध्ये मी तिच्या घरी गेले. आईसमोर म्हटलं, “चूक माझी झाली, हिला पाठवा.” आई बिचारी गोंधळली, बाईंची कधी चूक होते का! मुलगी मात्र दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी हजर. तिची जागा तिला दिली आणि चिमटे-ढकलाढकली तिथेच संपली. आवाज काही कमी झाला नाही. ते चार महिने माझ्या नोकरीतले सगळ्यात सुखाचे होते, हे मला तेव्हा कळलं नाही.

दसऱ्याला निघताना ती म्हणाली, “बाई, कुनाला बसवू नका.” मी शब्द दिला आणि पाळला. गेलेल्यांच्या जागा मोकळ्या ठेवल्या. दर शनिवारी मुलं पाळीपाळीने त्या सारवायची. तिची मी स्वतः सारवायची, आधी भेगाळ, मग जरा बरी. वर्गात आता चांगलीच शांतता असायची आणि ती शांतता मला खायला उठायची. पाढे म्हणून घेताना मी कान देऊन असायची. होळी झाली तशी गाड्यांच्या घुंगरांचा आवाज आला की मी खडू हातात धरूनच दारात जायची.

एके सकाळी ती आली. केस चापून बसवलेले, अंगावर लुगडं. हाताशी धाकटी बहीण, पाच-सहा वर्षांची. “येऊ का बाई?” तिने विचारलं. आत येऊन बहिणीला तिने आपल्या जागेवर बसवलं, तिची पाटी नीट मांडीवर ठेवली.

“आन् तू?” माझ्याही तोंडी गावचंच बोलणं आलं.

“माजं लगीन ठरलंय. आता फुडल्या साली मी बी कोयत्यावर, ऊस तोडाया. ही गप बसंल बाई, तरास द्यायची न्हाई. मी सांगितलंय तिला.”

वर्गातली मुलं पाहत होती. मला तिला ओरडायचं होतं, खाली बस म्हणायचं होतं, तेराचा पाढा म्हण म्हणायचं होतं. तिने दंगा करावा, कोणाला तरी ढकलून तिथे बसावं, असं मला पोटातून वाटत होतं. पण ती हाताची घडी घालून, मी शिकवली होती तशी, सरळ उभी राहिली.

“जाऊ का बाई?”

दोन वर्षं दिवसातून पन्नास वेळा मुलांना देत असलेलं उत्तर माझ्या तोंडून निघून गेलं. “जा,” मी म्हणाले.